भट्टीतली गिटार

जळगावात ज्यांच्याकडे मी चार वर्षं भाड्याने राहिलो, त्या आबांनी मला खोली द्यायची की नाही हे ठरवायला अकरा दिवस घेतले. त्यांतले नऊ दिवस मी त्याच खोलीत राहत होतो. "सामान आत ठेवा, भाऊ. निर्णय झाला की कळवतो," असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी ते धुतलेला सदरा घालून आले, दार वाजवलं आणि उभ्यानेच म्हणाले, "ठरलं. तुम्ही राहायला या." मी बरं म्हणालो. ते समाधानाने परत गेले.

हाच माणूस केळीच्या वखारीत मिनिटाचाही उशीर करत नसे. खानदेशातली बहुतेक केळी हिरवीच वॅगनींत भरून उत्तरेकडे जात. गावाला खायला लागतील तेवढी गावातच पिकवली जात. आबांची वखार त्यासाठी होती. घराच्या पुढच्या भागात एक बिनखिडकीची खोली होती, तिला सगळे भट्टी म्हणत. तिच्यात हिरवे घड रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांचा धूर करायचा, दार लावायचं आणि फटी ओल्या मातीने लिंपायच्या. आत ऊब आणि धूर कोंडला की केळी पिवळी होतात. दार नेमकं कधी उघडायचं, यात सगळं कसब. लवकर उघडलं तर केळं तुरट, उशीर झाला तर काळं. आबा फटीवरची माती नखाने जराशी काढत, तिथे नाक लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "काढा." ते कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही. बाजारातले दुसरे वखारवाले आपापल्या भट्ट्यांचा वास घ्यायला त्यांना बोलावून नेत.

केळ्याखेरीज जगातली कोणतीही गोष्ट मात्र त्यांना पिकलेली दिसत नसे. घराच्या फाटकाला रंग द्यायचा का हा विषय मी येण्यापूर्वी पाच वर्षं चालू होता आणि मी ते घर सोडलं तेव्हाही चालू होता. पद्धत ठरलेली होती. वखारीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोन रकाने आखलेले असत, 'हो' आणि 'नको'. केळी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विषय समजावून सांगितला जाई, त्याचं मत घेतलं जाई आणि त्या-त्या रकान्यात एक रेघ मारली जाई. हातगाडीवाले, पोस्टमन, नगरपालिकेचा कारकून, एकदा तर पत्ता विचारायला थांबलेला परगावचा माणूस, सगळ्यांच्या रेघा दारावर होत्या. दोन्हीकडे सारख्या झाल्या तर "चित्र स्पष्ट नाही" म्हणून पुसून पुन्हा सुरुवात. एकीकडे जास्त झाल्या तर "दुसऱ्या बाजूची माणसं अजून यायची आहेत" म्हणून मुदतवाढ. निवडणुकीच्या बातम्या मी पुढे पुष्कळ वर्षं केल्या. निकाल लागू नये म्हणून इतकी काळजी घेणारी मतमोजणी दुसरीकडे पाहिली नाही.

अशा माणसाकडे विजेवर चालणारी गिटार होती, याचं गावाला आश्चर्य वाटे. ती भुसावळच्या एका इंजिन ड्रायव्हरची. तो कुटुंबासह कायमचा परदेशी निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान अंगणात मांडून विकायला काढलं. आबा तिथे लोखंडी कॉट बघायला गेले होते. कॉट घ्यावी की नाही हे ठरेना. तोवर ती दुसऱ्याच कोणी उचलून नेली. मग ड्रायव्हरने उरलेली वस्तू आबांच्या मांडीवर ठेवली, त्यांची बोटं तारांवर दाबून दोन सूर काढून दाखवले आणि निरोप घेतला. "मी घेतली नाही," आबा सांगत. "ती आली."

गिटार तेव्हाच जुनी होती. अंगावर गडद तपकिरी पॉलिश, त्याला बारीक तडे गेलेले. वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो तिथलं पॉलिश उडून पानाच्या विड्याएवढं लाकूड उघडं पडलं होतं. आवाज कमीजास्त करायच्या एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण बसवलेलं होतं. तिचा आवाज एका रेडिओतून निघे. तो रेडिओ दुरुस्तीवाल्याने त्यासाठी उघडा केला होता आणि तो पुन्हा कधी बंद झाला नाही. दुपारी भट्टी लागली की आबा तिच्या दाराला पाठ टेकून गिटार उभी धरत आणि सिनेमातल्या गाण्यांच्या चाली वाजवत. संथ चालीच वाजवत, कारण पुढचा सूर घ्यावा की नाही यातही थोडा वेळ जाई. त्यांच्या पत्नी अक्का आतून म्हणत, "भट्टीमा धूर, आनि भाहेर हाऊ मानूस!" पण चाल चुकली तर नेमक्या त्याच जागी भांडं आपटत. याचा अर्थ त्या ऐकत होत्या.

गावात एक ऑर्केस्ट्रा होता. त्याचे मास्तर दिवसा कापडाच्या दुकानात मोजपट्टी घेऊन उभे असत आणि रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम घेत. आबा सात वर्षं प्रत्येक तालमीला हजर होते आणि कार्यक्रमाला एकदाही नव्हते. मास्तरांना त्यांचं वाजवणं मान्य होतं. आक्षेप दिसण्यावर होता. "लोक बघायला येतात, आबा," ते म्हणत. "ऐकू आपोआप येतं."

मास्तरांच्या अटी दोन. सगळ्यांचे कोट पांढरे, म्हणून गिटार पांढरी हवी. आणि तारा उंच उचलून ती मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी कांब तारांवरून सरकवून वाजवायची. मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत तसंच वाजवतात आणि तो रडवा सूर बायकांना आवडतो. "उभी धरता तेव्हा," मास्तर म्हणाले, "झाडू मारायला निघाल्यासारखे दिसता." त्यांनी एक कांबही आणून दिली. ती वखारीत खिळ्याला लटकत राहिली.

आबांची अडचण खरी होती. तारा एकदा उचलल्या की बोटांनी दाबता येत नाहीत, म्हणजे सात-आठ वर्षांत हाताला जे येत होतं ते सगळं जाणार. पॉलिश खरवडलं की ड्रायव्हरच्या आणि त्यांच्या स्वतःच्या हाताने झिजवलेली जागाही जाणार. पण त्यांची एक इच्छा होती. ती त्यांनी मला एकदाच, विषय फाटकाचा चालू असताना, सांगितली. "एकदा भरल्या मांडवात पुढे बसून वाजवायचंय, भाऊ. माणसं कशी ऐकतात ते बघायचंय."

त्यासाठी गिटार बदलावी का? दारावर दोनाचे चार रकाने झाले: रंग हो, रंग नको, तारा हो, तारा नको. पोस्टमन म्हणाला, पांढरं मळतं. रावेरकडच्या एका केळी बागायतदाराने लाल रंग सुचवला. त्याची रेघ कुठे मारायची यावर दोन दिवस गेले. अक्कांचे भाऊ वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात होते. ते म्हणाले, "आमच्याकडे रंगवलेली वस्तू एकदाच वाजते." आबांनी ते मत 'नको'त धरलं.

रंगकामासाठी एक मिस्त्री ठरला होता. तो दुकानांच्या कपाटांना पॉलिश करी. आबा त्याला म्हणाले, "आधी नमुना दाखवा." त्याने स्टुलाला हात मारून दाखवला. स्टुलाचं लाकूड वेगळं, म्हणून पाटावर नमुना. पाट जाड, म्हणून काठीवर. मग पाळण्याच्या दांड्या, देव्हारा, माझं टेबल आणि एका दुपारी अक्का देवळात गेल्या असताना त्यांचा पोळपाट. दोन दिवस पोळ्यांना पॉलिशचा वास येत होता. अक्कांनी मिस्त्रीला दारातच गाठलं. "भाऊ, घरमा आते मीच राह्यनी. माले बी एक हात मारी दे." वर्षभरात त्या घरातली प्रत्येक लाकडी वस्तू चकचकीत झाली. गिटार होती तशीच होती.

त्या हिवाळ्यात मास्तर स्वतः वखारीत आले. धुळ्याला एका मोठ्या मारवाडी व्यापाऱ्याच्या नातवाचं लग्न होतं आणि स्वागत समारंभाला ऑर्केस्ट्रा ठरला होता.

"आबा, हा शेवटचा निरोप. मांडव एवढा मोठा आहे की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नाही. गिटारवाला मालेगावहून आणू की तुम्ही येताय?"

"रेघा अजून—"

"रेघा गेल्या खड्ड्यात. पांढरी आणि आडवी. जमत नसेल तर वऱ्हाडात बसून आइस्क्रीम खा."

मास्तर गेल्यावर आबा बराच वेळ दारासमोर उभे राहिले. 'नको'च्या रेघा स्पष्टच जास्त होत्या. त्यांनी ओल्या फडक्याने चारही रकाने पुसले आणि मिस्त्रीला निरोप धाडला: रंग द्या, तारांचं मागाहून बघू. माझ्या खोलीनंतर मी पाहिलेला त्यांचा हा पहिला निर्णय. तोही अर्धाच होता.

मिस्त्रीने तारा आणि विजेचे भाग काढून डब्यात ठेवले, काचेच्या तुकड्याने पॉलिश खरवडलं आणि पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. त्याच आठवड्यात थंडी वाढली. रंग वाळेना. आबा दर तासाला जाऊन अंगठ्याने दाबून बघत, आयुष्यभर केळं दाबून बघितलं तसंच. प्रत्येक वेळी रंगात अंगठा उमटे. मिस्त्रीला तिसरा हात द्यावा लागला. "हा हात फक्त तुमच्या अंगठ्यासाठी," तो म्हणाला. "आता चार दिवस लांब राहा." समारंभ तीन दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी भरणं चालू होतं. आबा गिटार घेऊन आले आणि घडांच्या वर, आढ्याच्या वाशाला दोरीने बांधून तिला टांगायला लागले. अक्का हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या.

"अहो, ते लाकूड शे, केळं नही!"

"ऊब ती ऊब. केळं वाळस नही का?"

"केळं वाळस नही, पिकस!"

आबांनी दोरी आवळली. गोवऱ्या पेटवल्या, दार लावलं, फटी लिंपल्या. कोणालाही न विचारता पूर्ण घेतलेला निर्णय हाच, आणि तो त्यांनी ओला रंग आणि धूर एका खोलीत कोंडण्याच्या बाजूने घेतला. पुढच्या दिवशी सकाळी त्यांनी फटीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "काढा."

केळी उत्तम निघाली. गिटारही पिवळी निघाली. जागोजाग फिकट पिवळा नव्हे. सगळीकडे सारखा, तयार केळ्याचा रंग, आणि त्यावर काजळीचे बारीक तपकिरी ठिपके. दोरी जिथे आवळली होती तिथे एक पांढरी रेघ तेवढी राहिली होती. आबांनी सवयीने अंगठा दाबला. रंग वाळला होता. मिस्त्रीने गिटार उन्हात नेऊन उलटसुलट पाहिली. "हा रंग डब्यात मिळत नाही," तो म्हणाला. त्यात कौतुक होतं की नाही, ते मला ठरवता आलं नाही.

मग त्याने विजेचे भाग परत बसवले आणि तारा चढवल्या. त्या ताणल्या गेल्या तसतशी गिटारची मान पुढे झुकत गेली; ओलसर उबेने सांध्यातला सरस ढिला झाला होता. सूर लागेपर्यंत तारा लाकडापासून बोटभर वर आल्या. आबांनी गिटार उभी धरून तार दाबून पाहिली. दाबली जाईना. पुन्हा दाबली, तेव्हा बोट कापलं. रंगाचा आणि तारांचा, दोन्ही निर्णय भट्टीने घेऊन टाकले होते.

आबांनी बोटाचं रक्त पुसलं. बोटाला चिंधी गुंडाळली, खिळ्यावरची कांब काढली, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तो दिवस व पुढची सकाळ एकाच गाण्याची चाल घटवत बसले. कांब केसभर पुढे गेली तर सूर चढे, मागे राहिली तर पडे. नजर हलवायची सोय नव्हती. मांडीवरच्या तारांकडे ते इतके वाकून बघत की अक्का म्हणाल्या, "सुई हरपनी का?"

धुळ्याला आबा, अक्का आणि मी असे तिघं बसने गेलो. माझ्या दैनिकाला समारंभाची बातमी हवी होती, हे माझं निमित्त. गिटार गोणपाटात गुंडाळली होती. कंडक्टरने गोणपाटाचा वास घेतला आणि केळीचं लगेज लावलं. आबांनी हुज्जत घातली नाही.

मांडवामागे गोणपाट सुटलं तेव्हा मास्तर पांढऱ्या कोटात उभे होते.

"आबा, मी पांढरी म्हणालो होतो."

"पांढरीच दिली होती."

"मग ही?"

"पिकली."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि आबांना ढोलांच्या मागे बसायला सांगितलं. तिथून कोणाला काही दिसलं नसतं. पण नवऱ्या मुलाचे आजोबा, घरातले कर्ते सेठजी, तयारी बघत तिकडे आले. गुलाबी पगडी, हातात काठी. त्यांनी काठीच्या टोकाने गिटारकडे बोट केलं.

"ओ कांई है?"

"सेठजी, जुनं वाद्य आहे, जरा रंगाचं काम—"

"अरे, हळदी रो रंग है! ब्याव में पीळो रंग शुभ." मग मराठीत म्हणाले, "मास्तर, यांना मागे काय बसवता? पुढे घ्या. एकदम पुढे."

अशा रीतीने सात वर्षांनी आबा भरल्या मांडवात, वादकांच्या पहिल्या ओळीत, मधोमध बसले. त्यांचं गाणं सहावं होतं. पाच गाणी ते मान खाली घालून बसले होते. पाळी आली तेव्हा मास्तरांनी हळूच "आबा" म्हटलं, त्यांनी कांब तारांवर ठेवली आणि सुरुवात केली.

पहिली ओळ बेसूर गेली. दुसरी ओळ सुरू होते न होते तोच मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यावरून नवऱ्या मुलाच्या मामांनी जाहीर केलं की पंगत मांडली आहे, सर्वांनी जेवायला चलावं. मांडव उठला. खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या, पोरांना हाका झाल्या. तिसऱ्या ओळीला सूर लागला. आडव्या गिटारचा तो लांबणारा, मागे वळून बघणारा सूर रिकाम्या होत चाललेल्या मांडवात पसरला. मी त्या वेळी बाकीची माणसं मोजली, ती सवय होती. झोपलेले दोन म्हातारे, लेकराला पाजणारी एक बाई, वायर गुंडाळणारा मांडववाला आणि बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत अक्का. सेठजीसुद्धा पाहुण्यांना वाढायला गेले होते.

आबांनी मान वर केली नाही. नजर हलली असती तर सूर हलला असता. चाल संपताच ढोलावर मोठा गडगडाट झाला आणि मास्तरांनी त्याच क्षणी व्यासपीठाचा पडदा ओढला. कार्यक्रमाची चार गाणी अजून बाकी होती. पडदा का ओढला, हे मी त्यांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही परत निघालो. माझी बातमी सहा ओळींची झाली होती आणि तिच्यात गिटार नव्हती. धुळं मागे पडल्यावर आबा म्हणाले, "एवढा मांडव होता, पन माले एक मानूस दिसना नही. बठ्ठा वखत तारच पाही राह्यंतू."

अक्का खिडकीशी होत्या. त्या म्हणाल्या, "मी पाह्यं ना."

"काय पाह्यं?"

"बठ्ठं."

आणि त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली. बायकांनी बोलणं थांबवलं होतं. एक लेकरू रडत होतं ते गप झालं. सेठजी काठीने ठेका धरत होते.

आबांनी विचारलं, "कोनी उठना का?"

"एक बी उठना नही. जेवाले बलावत व्हतात, तरी."

आबांनी मान वळवली. "भाऊ, तुम्ही तिथेच होता ना? असंच झालं ना?"

अक्का बाहेर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या बघत होत्या.

"असंच," मी म्हणालो. "खात्रीलायक वृत्त आहे, आबा."

त्यांनी अक्कांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पारोळ्याला गप झालेली लेकरं तीन झाली होती. एरंडोल आलं तेव्हा सेठजींच्या डोळ्यांत पाणी होतं.